वेल्लोरच्या डॉक्टरीणबाई आयडा स्कडर

वेल्लोरचे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवर आले असेल. गावातील कोणास मोठे दुखणे जडले, तालुक्याच्या व जिल्ह्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणजे मंडळीतील कोणीतरी सुचवितो की आता वेल्लोरास न्यावे. मग दागिना मोडून, रात्रंदिवस आगगाडीचा प्रवास करून लोक तेथे जाऊन पोहोचतात. परंतु हे रुग्णालय कोणी काढिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कशासाठी काढिले, हे जाणणारे थोडेच. जेथे डॉक्टर जात नाहीत व जाऊ इच्छीत नाहीत, अशा ठिकाणी जाणारे डॉक्टर तयार करावे ह्या एका हेतूस्तव एका बाईने आपले सारे आयुष्य वेचिले. त्या बाईची हकीकत आम्ही येथे देत आहो.

आयडा सोफिया स्कडर ह्यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील राणीपेठ येथे झाला. त्यांचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे न्यूयॉर्क शहरातील आपला उत्तम चाललेला धंदा सोडून १८१९ साली सिलोनास आले. अमेरिकेतून परदेशी गेलेले ते पहिले वैद्यकीय मिशनरी होत. त्यांचे पुत्र व नातवंडे अर्काट प्रांतात मिशनकार्य करीत राहिली. आयडाचे वडीलही डॉक्टर असून त्यांचेही नाव जॉनच होते. अशा घराण्यातील मुलगी मिशनरी झाली ह्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण खरी गोष्ट अगदी उलट आहे. आयडा सहासात वर्षांची असता १८७६ ते १८७८ चा तो भयंकर दुष्काळ पडला. मिशनच्या आवारात भुकेली मुले दाटीने बसत, व त्यांच्या तोंडात भाकरीचे तुकडे घालण्याचे काम ह्या लहान मुलीकडे येई. त्यांतील कित्येक मुले तिच्या डोळ्यांदेखत मरण पावली. हे चित्र तिच्या मनातून गेले नाही, आणि त्याचा परिणाम असा झाला की हा देश आपल्याला नको असे तिने मनाशी ठरविले. पुढे ती अमेरिकेस शिकावयास गेली. डी. एल. मूडी ह्या प्रसिद्ध उपदेशकांनी नॉर्थफील्ड येथे काढिलेल्या मुलींच्या शाळेत ती होती. मैत्रिणी होत्या, आनंद होता, पुढे सुखाचा संसार करावा अशी इच्छा होती. १८९० साली आई आजारी असल्याचे कळल्यावरून ती हिंदुस्थानात परत आली खरी, पण आई बरी होताच माघारी जाण्याच्या बोलीवर.

तिंडिवनम येथे वडिलांच्या बंगल्यात असता एका रात्री जे घडले, ते आम्ही जरा सावकाश सांगतो.

रात्र झाली होती, व आयडा दिव्यापाशी बसली होती. तोच एक तरुण ब्राह्मण दारी आला. त्याची बायको, जवळजवळ पोरच ती, बाळंतपणात अडली होती. सुईण थकली होती, आणि मिशनच्या घरी अमेरिकेहून कोणी बाई आली आहे असे ऐकून तो धावत आला होता. आयडाने त्यास सांगितले की आपल्याला वैद्यकी येत नाही, डॉक्टर आपले वडील आहेत, ते येतील. हे ऐकताच तो मागे सरला. परपुरुषाने आपल्या पत्नीचे तोंड पाहावे ह्यापेक्षा ती मेलेली बरी, असे त्याच्या रीतीने त्यास वाटत होते, आणि तो निघून गेला. थोड्या वेळाने दुसरा मनुष्य आला. तो मुसलमान होता, आणि त्याचेही गाऱ्हाणे तेच. वडिलांनी स्वतः पुढे होऊन येतो म्हटले, आयडानेही सोबत येण्याची तयारी दाखविली, पण तो ऐकेना. त्या रात्री तिसराही एक मनुष्य आला. तो उच्च जातीचा हिंदू होता. त्याची विनवणी तीच, आणि त्यास मिळालेले उत्तरही तेच.

आयडास त्या रात्री झोप आली नाही. पहाटे रस्त्यावर प्रेतयात्रेचे वाद्य वाजू लागले. तिने नोकरास चौकशीस पाठविले. तो परत येऊन म्हणाला की रात्री आलेल्या तिघांच्याही बायका मेल्या. ती खोलीत गेली, दार लावून पुष्कळ वेळ प्रार्थना करीत राहिली, व बाहेर येऊन आईबापांस तिने कळविले की आपण अमेरिकेस जाऊन डॉक्टर होणार व येथील स्त्रियांसाठी परत येणार.

ही गोष्ट सभांतून पुष्कळ वेळा सांगितली जाते, आणि सांगणारे बहुधा त्या तीन पुरुषांस दोष देऊन मोकळे होतात. आम्हांस तसे करवत नाही. आमच्या सेवेच्या आरंभीच्या वर्षांत एका वाडीवर आम्ही माता व अर्भक ह्या दोघांस एकाच खड्ड्यात पुरले आहे. तेथे पडद्याची आडकाठी नव्हती. नदीस पूर आलेला, आणि पलीकडे १४ मैलांत कोणी डॉक्टर नव्हता, एवढेच. तिंडिवनमच्या त्या घरांत चालीने जे केले, ते आमच्या वाडीवर अंतराने केले. ज्याची गरज आहे तो मनुष्य जवळ नसला म्हणजे कारण कोणतेही असो, खड्डा सारखाच.

आयडाबाई १८९५ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. महाराष्ट्रातील वाचकांस हे कॉलेज परके नाही. आनंदीबाई जोशी ह्यांनी १८८६ साली तेथेच पदवी घेतली होती, आणि मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनात पुष्कळ वर्षे सेवा केलेल्या आमच्या डॉ. गुरुबाई करमरकर ह्या १८९२ साली तेथूनच उत्तीर्ण झाल्या होत्या. पुढे न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या वैद्यकीय शाळेचे दार स्त्रियांस उघडले, तेव्हा आयडाबाई तेथे गेल्या व १८९९ साली डॉक्टर झाल्या.

निघण्यापूर्वी वेल्लोर येथे स्त्रियांचे रुग्णालय बांधण्यासाठी ८,००० डॉलर जमवावे असे त्यांस सांगण्यात आले होते. दारोदार फिरूनही रक्कम जमेना. एका बाईंच्या घरी त्या आपले म्हणणे मांडीत असता शेजारच्या खोलीत त्या बाईंचे वृद्ध मेहुणे, शेल नावाचे सावकार, ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयडाबाईंस बोलावून घेऊन आपल्या मृत पत्नीच्या स्मरणार्थ १०,००० डॉलर दिले. वेल्लोरचे पहिले रुग्णालय म्हणून मेरी टेबर शेल ह्या नावाने ओळखले जाते. ते १९०२ साली उघडले, व त्यात ४० खाटा होत्या.

पण त्याआधीची दोन वर्षे आम्हांस अधिक महत्त्वाची वाटतात. १९०० सालच्या आरंभी आयडाबाई वेल्लोरास आल्या. वडिलांच्या हाताखाली अनुभव घ्यावा असा बेत होता, पण त्याच वर्षी मे महिन्यात वडील वारले. आता अनुभव नाही, गुरू नाही, रुग्णालय नाही. बंगल्यातील एका लहान खोलीत त्या औषधे देऊ लागल्या. आरंभी कोणी येईना. हळूहळू लोक येऊ लागले, आणि दोन वर्षांत सुमारे ५,००० रोगी त्यांच्या हातांखालून गेले. एवढ्या कामास एकटीचे हात कसे पुरणार? तेव्हा घरातील एका नोकराची पत्नी सालोमी हिला त्यांनी मदतीस घेतले. पट्टी कशी बांधावी, हत्यारे कशी उकळावी, औषध कसे मोजावे, हे सर्व तिला शिकविले, आणि ती शिकलीही. वेल्लोरच्या मोठ्या विद्यालयाची पहिली विद्यार्थिनी सालोमीच होती असे आम्ही समजतो, मग तिचे नाव कोणत्याही पटावर नसो. १९०९ साली नर्सांची शाळा निघाली, ती ह्याच वाटेवरचे दुसरे पाऊल.

रुग्णालय उघडल्यावर आणखी एक गोष्ट आयडाबाईंच्या ध्यानात आली. खाटा होत्या, पण खेड्यातील रोगी येत ते शेवटच्या घटकेस. कोणी बैलगाडीतून येता येता वाटेतच मरे. कोणाचा डोळा वैदूने तिखट औषध घालून आधीच घालविलेला असे. रोगी येईना तर आपण जावे, असे त्यांनी ठरविले. वेल्लोरपासून २०-२२ मैलांवर गुडियात्तम नावाचे गाव आहे, तेथे आठवड्यातून एकदा त्या जाऊ लागल्या. १९०९ च्या सुमारास त्यांस एक लहान फ्रेंच मोटार मिळाली. बैलांवाचून धावणारी गाडी पाहून आरंभी लोक भूत आले म्हणून शेतांत पळाले. थोड्याच दिवसांत तेच लोक ठरलेल्या झाडांखाली पहाटेपासून वाट पाहत बसू लागले. चिंचेखाली किंवा वडाखाली मोटार थांबे, पेट्या उतरत, आणि तेथेच गळवे फोडली जात, दात काढिले जात, जखमा धुतल्या जात, बाळांचे डोळे तपासले जात. महारोगी मंडळी दूर उभी राही, त्यांच्याकडे बाई स्वतः चालत जात. जो रोगी अगदी कठीण असे त्यास मोटारीत घालून वेल्लोरास आणीत. एका फेरीत शेकडो रोगी पाहिले जात, व परतावयास रात्र होई.

ह्या रस्त्यावरच्या दवाखान्यांनी त्यांस एक हिशेब शिकविला. एक बाई, मग ती कितीही राबणारी असो, एका जिल्ह्यास पुरत नाही, आणि अमेरिकेतून बायका आणून आणून किती आणणार? शिवाय परदेशी बाई आज आहे, उद्या आजारी पडून परत जाईल. जी मुलगी ह्याच मातीत वाढली, हीच भाषा बोलते, जिला ह्या घरांतील सासू व जाऊ कशा असतात हे सांगावे लागत नाही, तिलाच डॉक्टर केले पाहिजे. आपण शंभर रोगी बरे करण्यापेक्षा रोगी बरे करणाऱ्या दहा मुली तयार करणे हे मोठे काम, असे त्यांचे मत ठाम झाले. निरनिराळ्या मिशनांनी एकत्र येऊन स्त्रियांची वैद्यकीय शाळा काढावी, असा आग्रह त्यांनी धरला. पुष्कळांस तो वेडेपणा वाटला.

मद्रास सरकारचे वैद्यकीय खाते त्या वेळी कर्नल ब्रायसन ह्या अधिकाऱ्याच्या हाती होते. मुली अशा शिक्षणास येणारच नाहीत असे त्यांस वाटत होते. निदान सहा अर्ज आले तर शाळा सुरू करण्यास हरकत नाही, असे सांगून त्यांनी विषय मिटविला. अर्ज आले १५१. १२ ऑगस्ट १९१८ रोजी मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड ह्यांच्या हस्ते शाळा उघडली. अर्जदारांतून निवडून थोड्याच मुली घेता आल्या. शिक्षणक्रम चार वर्षांचा असून शेवटी एल्. एम्. पी. म्हणजे वैद्यकी करण्याचा परवाना मिळत असे. विश्वविद्यालयाची पदवी ती नव्हे. साहित्य थोडे, शिक्षक त्याहून थोडे, आणि पुष्कळ विषय बाईंस रुग्णालयाचे काम सांभाळून स्वतःच शिकवावे लागत.

पण शिकविण्याची रीत पाहण्यासारखी होती. मुली पुस्तकातून रोग शिकत, रुग्णालयात तो पाहत, आणि त्याच आठवड्यात मोटारीत बसून रस्त्यावर जात. तेथे झाडाखाली तोच रोग दिसे, परंतु आता त्याच्या अंगावर मळके लुगडे असे, मागे कर्ज असे, आणि दोन दिवस कामावर गेले नाही तर घरी चूल पेटणार नाही ही चिंता असे. औषध पाण्यातून घ्या असे सांगितले, तर कोणते पाणी, ते कोठून आणावयाचे, हा प्रश्न असे. ही विद्या व्याख्यानाच्या खोलीत मिळत नाही. नव्या डॉक्टरास मोठ्या दवाखान्यातच वाढविले, म्हणजे हाताशी यंत्र नसता त्याची बुद्धी चालत नाही, आणि दोष त्याचाही नसतो, कारण त्यास तेवढेच दाखविलेले असते.

१९२२ साली पहिल्या वर्गाची शेवटची परीक्षा झाली. पुरुषांच्या शाळांतील पुष्कळ विद्यार्थी त्या परीक्षेत नापास होत असत, आणि वेल्लोरच्या मुलींचे काय होणार ह्याची सर्वांस धाकधूक होती. १४ मुली बसल्या व चौदाही उत्तीर्ण झाल्या. त्यांनंतर वर्षानुवर्षे मुली तयार होऊन बाहेर पडू लागल्या. पुढे तोट्टपाळयम भागात मोठे रुग्णालय उभे राहिले. विद्यालयासाठी गावाबाहेर बागायम येथे डोंगराच्या पायथ्याशी विस्तीर्ण जागा मिळाली. पैसा बहुतेक अमेरिकेतील स्त्रियांनी जमविला. ल्यूसी पीबडी नावाच्या बाईंनी त्यात फार श्रम घेतले.

आता ज्या प्रसंगी हे सर्व कोसळावयाचे तो प्रसंग सांगतो. १९३८ च्या सुमारास मद्रास सरकारने ठरविले की एल्. एम्. पी. चा शिक्षणक्रम बंद करावा, आणि ह्यापुढे डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याने विश्वविद्यालयाची एम्. बी. बी. एस्. पदवीच घ्यावी. सरकारचे म्हणणे चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. खेड्यातील लोकांस कमी शिकलेला डॉक्टर व शहरातील लोकांस पुरा शिकलेला, हा भेद न्यायाचा नव्हे. परंतु वेल्लोरपुढे दोन संकटे उभी राहिली. पहिले पैशाचे. विश्वविद्यालयास अधिक खाटा, प्रयोगशाळा व मोठ्या पदव्यांचे प्राध्यापक हवे होते. नव्या मुलींस प्रवेश देणे थांबले, आणि शाळा बंद पडणार असे दिसू लागले. आयडाबाई त्या वेळी सत्तरीच्या घरात होत्या. ज्या वयात माणसे घोंगडी पांघरून ओसरीवर बसतात, त्या वयात त्या अमेरिकेस गेल्या व महायुद्धाच्या काळात गावोगाव फिरून मदत मागत राहिल्या.

दुसरे संकट पैशाहून कठीण होते. स्त्रियांची व पुरुषांची निरनिराळी विद्यालये काढण्याचे बळ मिशनांत नव्हते. सर्व मिशनांनी मिळून एकच विद्यालय चालवावयाचे, तर वेल्लोरास पुरुषही घ्यावे लागणार. ज्यांनी केवळ स्त्रियांसाठी म्हणून वीसवीस वर्षे पैसे जमविले होते त्यांतील काही जणींस हा विश्वासघात वाटला. जुन्या मैत्रिणी दुरावल्या. आयडाबाईंसही हे सोपे गेले नाही, कारण तिंडिवनमची ती रात्र स्त्रियांचीच होती. तरी शेवटी त्यांनी होकार दिला. १९४२ साली एम्. बी. बी. एस्. चा पहिला वर्ग मुलींचाच भरला, आणि १९४७ साली पुरुष विद्यार्थी आले. आमचे मत विचाराल तर, स्वतः काढिलेल्या संस्थेचे स्वरूप स्वतःच्या हयातीत बदलू देणे हे रुग्णालय बांधण्याहून अवघड होते.

पण एक भीती उरलीच. साडेचार-पाच वर्षे शिकून मोठी पदवी घेतलेला तरुण खेड्यात जाईल काय? पूर्वीच्या मुली जात, कारण त्यांच्या परवान्यास शहरात फारसा मान नव्हता, असे उघड बोलणारे होते. ह्यावर वेल्लोरने जो उपाय केला तो आमच्या मंडळ्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे. उमेदवार पुष्कळ अंशी निरनिराळ्या मंडळ्यांनी व मिशनांनी शिफारस करून पाठवावयाचे, आणि शिक्षण संपल्यावर त्यांनी दोन वर्षे शिफारस करणाऱ्या मंडळीच्या सांगण्याप्रमाणे गरजेच्या ठिकाणी सेवा करावयाची, असा करार ठरला. परीक्षेतील गुणांबरोबर मुलाचा स्वभावही पाहावयाचा. पुढे अशीही रीत पडली की पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांनी खेड्यात मुक्कामास राहून घरोघर फिरावे, आणि १९७७ साली के. व्ही. कुप्पम विभागात खेड्यांच्या आरोग्याचे एक स्वतंत्र केंद्रच उघडले. हा उपाय पूर्ण यशस्वी झाला असे म्हणणे खोटे होईल. करार संपताच शहराकडे किंवा परदेशाकडे तोंड केलेलेही पुष्कळ निघाले. पण दोन वर्षांसाठी म्हणून गेलेले काही तेथेच राहिले, आणि त्यांच्यामुळे कित्येक लहान मिशन दवाखाने बंद पडावयाचे वाचले.

आयडाबाईंनी १९४६ साली कारभार सोडला. थोड्याच काळाने डॉ. हिल्डा लाझरस ह्या विद्यालयाच्या पहिल्या भारतीय संचालिका झाल्या, ह्याचा आयडाबाईंस मोठा संतोष झाला असेल, कारण त्यांचा सारा खटाटोप त्यासाठीच होता. उरलेली वर्षे त्यांनी कोडाईकॅनाल येथील आपल्या घरी घालविली, आणि २४ मे १९६० रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी तेथेच त्यांनी प्रभूमध्ये विश्रांती घेतली. त्यांस मिळालेल्या पदकांची यादी आम्ही देत नाही.

त्याऐवजी आमच्याच मुलखातील एक गोष्ट सांगतो. त्यांच्या अखेरच्या वर्षांत वेल्लोरास रजनीकांत आरोळे नावाचा एक मराठी विद्यार्थी व मेबल नावाची एक विद्यार्थिनी शिकत होती. पुढे ह्या दोघांचे लग्न झाले. काही वर्षे मिशनच्या दवाखान्यात काम करून व अमेरिकेत अधिक शिक्षण घेऊन १९७० साली ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे आले. तो भाग दुष्काळी, आणि डॉक्टरांनी टाळलेला. आसपासच्या खेड्यांत त्यांनी प्रथम शिकलेल्या नर्सबाई ठेवून पाहिल्या, पण त्या तेथे रमेनात. तेव्हा त्यांनी गावकऱ्यांसच सांगितले की तुमच्यातील एक बाई निवडून द्या. ज्या आल्या त्यांतील पुष्कळींस अक्षर येत नव्हते. कोणी परित्यक्ता होती, कोणी अस्पृश्य मानलेल्या जातीची. दर आठवड्यास त्या जामखेडास येत, एके ठिकाणी जेवत, एके ठिकाणी निजत, आणि पोराची हगवण कशी थांबवावी, गरोदर बाई कशी तपासावी, कोणती बाई घरी न ठेवता वेळीच दवाखान्यात धाडावी, हे शिकत. परत जाताना त्यांच्या पिशवीत बाळंतपणासाठी उकळून शुद्ध केलेले एक पुडके असे. त्यात एक नवे पाते, नाळ बांधावयास दोरा व थोडे स्वच्छ कापड. रात्री कोणी दार ठोठावले म्हणजे ते पुडके घेऊन ती बाई कंदिलाच्या उजेडात निघे, आणि तिला आत घेण्यास कोणी नकार देत नसे, कारण ती त्याच गल्लीतील होती.